दारात का हसलास, विन्या?

विन्या,

तुझा रेडिओ ऐकायचा स्कॅनर माझ्या डायनिंग टेबलावर आहे, आणि चालू आहे. शैलावहिनींनी परवा तो कापडी पिशवीत घालून दिला, सोबत तुझ्या वह्यांचा खोका. "भावजी, मला ह्यातलं ओ की ठो कळत नाही, तुम्हीच घेऊन जा." तुझी बायको बोलल्यावर नाही कोण म्हणणार? दोन चकरा मारल्या, कारण खोका जड आणि माझी कंबर तुला माहीतच आहे. आत्ता हीथ्रोवर उतरणारी विमानं बोलतायत. कंट्रोल टॉवरमधली एक बाई शांत आवाजात प्रत्येकाला डावीकडे वळा, उजवीकडे वळा सांगतेय. सगळे तिचं ऐकतायत. मी पण ऐकतोय. बाकी काही करत नाही.

तू जाऊन तीन आठवडे झाले. रडू आलेलं नाही. गौरी रोज संध्याकाळी बर्मिंगहॅमहून फोन करते आणि विचारते, "बाबा, तू रडला की नाही अजून? It's not healthy, you know." चाळिशीला आली तरी माझ्या लेकीचं मराठी अजून शनिवारच्या वर्गातलंच आहे. मी म्हणतो, रडेन गं, सध्या वरणभात खातोय. खरंच खात असतो. भूक लागते, झोप लागते, कौन्सिलचं रीसायकलिंग बुधवारी बाहेर ठेवतो. माणूस गेल्यावर असं सगळं चालू राहतं ह्याची लाज वाटायला हवी, पण तीही वाटत नाही.

तुझं क्रेमेटोरियममधलं सगळं अर्ध्या तासात आटपलं. स्लॉटच तेवढा होता. गुरुजींनी मंत्र असे पळवले की काय सांगू, बाहेर पुढच्या घरचे लोक काळ्या कोटात उभेच होते. तुला आवडलं असतं. वेळेवर उतरणारी कुठलीही गोष्ट तुला आवडायची. दोघंतिघं बोलले. तू मनमिळाऊ होतास, हॉस्पिटलच्या मेंटेनन्समध्ये तीस वर्षं इलेक्ट्रिशियन होतास, मंडळाच्या गणपतीचे दिवे तूच लावायचास. छपराखालच्या तुझ्या लॉफ्टबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. काढणार कसा? तुझ्या छपरावरचा तो छत्रीच्या काड्यांसारखा एरियल भारतातले चॅनल बघायला आहे, अशीच सगळ्या वेम्बलीची समजूत होती.

माझीही तशीच होती, तू मला पहिल्यांदा वर नेईपर्यंत. आपण दोघं नुकते तिशीचे. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये, तू त्याच हॉस्पिटलच्या तळघरात फ्यूज बदलत. शिडी चढून गेलो तर उतरत्या छपराखाली एक टेबल, त्यावर हा डबा, आणि डब्यावरचे लाल आकडे एकामागून एक पळतायत. मग ते थांबले आणि त्यातून एक पोलीस बोलायला लागला. आपल्याच हाय रोडवर कोणी दुकानाची काच फोडली होती. माझी बोबडी वळली. म्हटलं, "विन्या, हे चालतं का?" तू म्हणालास, "डबा विकत घेणं चालतं. हे ऐकणं चालत नाही." आणि पार्ले-जीचा पुडा पुढे केलास.

तुझा एक नियम होता, आणि तो तू देवाच्या शपथेसारखा पाळायचास. वर ऐकलेलं शिडी उतरून खाली यायचं नाही. कोणाच्या घरी भांडण झालं, कोणाचा मुलगा धरला, कोण पडलं, कोण मेलं, सगळं वहीत, वेळ घालून, आणि वही मराठीत. "पोलीस आले तरी त्यांना वाचायला आधी कोणीतरी कोल्हापूरचा शोधावा लागेल," म्हणायचास. शेजारच्या गुजराती आजींच्या नातवाला पकडल्याचं तू त्या आजींच्या तीन दिवस आधी ऐकलंस आणि त्या तीन दिवसांत त्यांच्याकडून दोनदा ढोकळा घेऊन खाल्लास. तेव्हा मी तुला म्हटलं होतं, तू महानालायक आहेस. तू म्हणालास, "ढोकळा नाकारला असता तर त्यांना कळलं नसतं का?"

बरं. त्या शनिवारचं बोलू या. इतकी वर्षं टाळलं, आता तू उलट उत्तर देऊ शकत नाहीस तर मी बोलून घेतो.

गौरी तेव्हा सात वर्षांची होती. तिला ईलिंगला मैत्रिणीच्या वाढदिवसाला सोडायचं होतं. शनिवारी गाडी मी चालवायचो, हे ठरलेलं. माझ्या मीनाला नॉर्थ सर्क्युलरचा मोठा रस्ता आवडायचा नाही, लॉऱ्या अंगावर येतात म्हणायची. पण त्या दिवशी सकाळी कपड्यांची बादली उचलताना माझी कंबर धरली. मी सोफ्यावर आडवा. मीना म्हणाली, "पडा तुम्ही, मी जाऊन येते. येताना मेथी आणते." गौरीला तिनं नीट सोडलं. येताना एकटी होती.

तीन वाजून दहा मिनिटांनी बेल वाजली. मी कण्हत कण्हत दार उघडलं, आणि तू हसलास. साधं नव्हे, दात काढून, तोंडभर हसलास. धापा टाकत होतास, कोट न घालता आला होतास. दोन्ही हातांनी माझे खांदे धरून हलवलेस आणि नुसता हसत राहिलास. मी म्हटलं, "काय रे, वेड लागलं का? कंबर धरलीय माझी, हलवतोस काय! मीना गेलीय गौरीला सोडायला, येईलच, ये आत." मग तू पायरीवर बसलास आणि बुटांच्या नाड्या सोडायला लागलास. किती वेळ सोडत होतास! मी आतून ओरडलो सुद्धा, "बूट काढतोयस की शिवतोयस?"

मग तू चहा केलास. साखर घालायला विसरलास. मी त्यावरून तुझी टिंगल केली, की शैलावहिनींनी डाएटवर ठेवलंय वाटतं. नंतर चाळीस मिनिटं मी बोलत होतो, विन्या. लॅबच्या नव्या मॅनेजरची नक्कल करून दाखवली. त्याची मान कशी हलते, तो माझं आडनाव कसं मोडतो. स्वतःच्याच विनोदावर हसत होतो, कंबर दुखते म्हणून हसताना सोफा धरत होतो. तू नुसता "हं, हं" करत होतास. बाहेर गाडीचं दार लागलं, आणि बेल वाजायच्या आत तू उठून उभा राहिलास.

दोन पोलीस होते, एक बाई आणि एक पुरुष. पुढचं लिहीत नाही. पुढचं सगळं तूच केलंस. गौरीला पार्टीतून तू आणलंस. तेरा दिवस माझ्याकडे जेवण तुझ्या घरून आलं. मला आंघोळीला जा म्हणून सांगणाराही तूच होतास. हे मी कधी विसरलेलो नाही, आणि तोंडावर कधी बोललोही नाही. आता बोलतो. तू नसतास तर त्या पोरीला मी कसं वाढवलं असतं, देव जाणे.

पण बेलच्या आधी तू उठलास, ते मी पाहिलं होतं. दहाव्या दिवशी विचारलं, तर तू मान खाली घालून म्हणालास, "ऐकलं होतं मी." एवढंच. त्यानंतर वर्षभरानं मी तुझ्या किचनमध्ये उभा राहून तुझ्यावर ओरडलो, की माझी बायको रस्त्यावर मेली होती आणि तू मला नकला करू दिल्यास. तेव्हा तू म्हणालास, "चाळीस मिनिटं जास्त संसार झाला तुझा, श्री." मी ताट तसंच टाकून निघून गेलो. आठ महिने तुझं तोंड पाहिलं नाही. माझा बॉयलर बिघडला नसता तर कदाचित कधीच पाहिलं नसतं.

खरं सांगू? चाळीस मिनिटांचं मी नंतर पचवलं. तिथे जाऊन मी काय करणार होतो, ती जागीच गेली होती, डॉक्टरांनीच सांगितलं. मला पचलं नाही ते तुझं हसणं. तुला माहीत होतं, आणि तू माझ्या दारात हसलास. इतकी वर्षं तुझ्याबरोबर विमानं पाहिली, पत्ते खेळलो, तुझ्या पोटाचं ऑपरेशन झालं तेव्हा वॉर्डात बसलो, आणि मनात एका कोपऱ्यात ते हसणं होतंच. कधी विचारलं नाही. तू काय सांगशील ह्याची भीती वाटायची.

मग पोलिसांचं रेडिओवरचं बोलणंच कुलूपबंद झालं. तारीख आठवत नाही, रविवार होता एवढं आठवतं. तू माझ्याकडे आलास, चेहरा सुतकी, आणि म्हणालास, "पोलीस गेले रे." मी घाबरून विचारलं, कुठे गेले? नवी डिजिटल यंत्रणा आली होती, सगळं एन्क्रिप्ट. आपल्या डब्यातून आता नुसता खरखराट येणार होता. जगभर तुझ्यासारखे हौशी ऐकणारे होते म्हणे, सगळ्यांच्या घरी एकेक करून असंच व्हायचं होतं. मी म्हटलं, "बरं झालं." तुला ते लागलं. मला तसंच बोलायचं होतं.

मी म्हटलं, कोणाच्या घरातलं मरण आधी घरच्यांना कळू दे, मग उरलेल्या वेम्बलीला. तू म्हणालास, "मान्य." चक्क मान्य केलंस, मला वाटलं जिंकलो. मग म्हणालास, "पण त्यांच्याकडे जाणार कोण?" मी म्हटलं, पोलीस जातात की. तू म्हणालास, "पोलीस सांगायला जातात. बसायला कोण जाणार?" मी म्हटलं, ह्याला नसती उठाठेव म्हणतात, विनायकराव.

हा वाद आपण वीस वर्षं चालवला. दर गुरुवारी ईलिंग रोडवर फाफडा-जिलेबी खाताना, टेबलावर हात आपटून. दुकानाची मालकीण पण कंटाळली होती, "काका, फरी चालू कर्युं?", परत सुरू केलंत का, म्हणायची. तू तीच उदाहरणं द्यायचास, मी तेच कायदे सांगायचो. मीनाचं नाव आपण दोघंही घ्यायचो नाही. शेवटच्या गुरुवारी मी म्हटलं, "कायदा तो कायदा, आणि मला त्यात एक सुद्धा भोक दिसत नाही." तू जिलेबीचा पाक बोटावरून चाटलास आणि म्हणालास, "पुढच्या गुरुवारी सांगतो तुला." मोठा आलास सांगणारा. मंगळवारी गेलास.

तू बसस्टॉपवर पडलास ते साडेतीनच्या सुमाराला. माझ्या खिडकीखालून ॲम्ब्युलन्स गेली तेव्हा मी शब्दकोडं सोडवत होतो. मान वर केली नाही. वेम्बलीत असे सायरन दिवसातून दहा वाजतात. माझ्याही टेबलावर स्कॅनर होता, तूच दिलेला जुना, आणि त्यात विमानं बोलत होती. कोणीतरी सिंगापूरहून उतरत होतं.

वहिनींकडे एक पोलीस मुलगी आली. त्यांनी तिला बूट काढायला लावले. तिनं काढले बिचारीनं. तिनं नीट सांगितलं, दोनदा सांगितलं, पण वहिनींच्या डोक्यात काही शिरलं नाही. मला सांगत होत्या, "मी तिला म्हटलं, ते कोथिंबीर आणायला गेलेत, येतीलच आत्ता, त्यांनाच विचार. आणि चिवडा दिला." मुलगी वीस मिनिटं बसली. मग तिच्या कानातल्या यंत्रात काहीतरी बोललं, जे तिच्याशिवाय कोणालाच ऐकू येत नाही, आणि तिला जावं लागलं. कोणाला बोलवू का, तिनं विचारलं. वहिनी म्हणाल्या, नको, ते येतील.

मला फोन आला साडेसहाला. दोन तासांच्या वर तुझी बायको घरात एकटी होती, विन्या, आणि मी दोन गल्ल्या पलीकडे अकरा आडवा शोधत होतो. मी गेलो तेव्हा टेबलावर पोळ्यांची चळत होती. नेहमीच्या दोन माणसांच्या. तव्याखालचा गॅस मी बंद केला. कायद्यात मला भोक दिसत नव्हतं ना? तिथे उभा राहून नीट बघून घेतलं.

अजूनही म्हणेन, पोलिसांचं बोलणं बंद केलं ते योग्यच केलं. तुझ्यासारखा नियम पाळणारा शंभरात एक, बाकीचे नव्व्याण्णव भोचक. वादात मी हरलोय असं समजू नकोस. पण तुझ्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं, ते कधीच नव्हतं, एवढं लेखी देतो.

आता वही.

खोटं कशाला बोलू, खोका घरी आल्या आल्या मी तीच वही शोधली. लाल पुठ्ठ्याची निघाली. तुझं अक्षर, मुंग्या शाईत बुडवून सोडल्यासारखं. शनिवार. दोन पन्नास, नॉर्थ सर्क्युलर, लॉरी आणि गाडी. दोन बावन्न, गाडीचा नंबर वाचला. त्यापुढे तू लिहिलंयस, "श्रीची." तुला सगळ्या जगाचे नंबर पाठ, विमानांचे सुद्धा, माझ्या गाडीचा नसेल का! दोन पंचावन्न, "गाडीत एकच. जागीच गेला." मग वेळ न घालता एक ओळ, खाली दोन रेघा मारलेली: "शनिवार. श्रीच चालवतो."

मी ती ओळ परत वाचली. हीथ्रोवाली बाई बोलत होती.

पान उलटलं. पुढची ओळ वेगळ्या शाईत, बहुतेक त्या दिवशी घरी परत गेल्यावर लिहिलेली. "तीन दहा. श्रीनं दार उघडलं. मी हसलो. मीनावहिनी गेल्या आणि मी हसलो. देवा, हे कोणाला कळू देऊ नकोस."

म्हणजे तू मला सांगायला किंवा माझ्याजवळ बसायला आलाच नव्हतास. मी मेलो असं धरून तू मीनाजवळ बसायला धावत निघाला होतास, बिनकोटाचा. दार मी उघडलं. आणि मग पायरीवर नाड्या सोडत बसलास, कारण तेवढ्या वेळात तुला कळलं होतं की गाडीत कोण होतं. मीना तुला राखी बांधायची, गाढवा. तू हे मला कसं सांगणार होतास? सांगितलं असतंस तर मी काय केलं असतं, तेही माहीत नाही. कदाचित आठ महिन्यांऐवजी आठ वर्षं बोललो नसतो.

राग होता तो गेला. त्याच्या जागी काहीतरी यायला हवं, आलेलं नाही. नुसती मोकळी जागा आहे. मी वही मिटून ठेवली आणि भांडी घासली.

रोज दुपारी मी वहिनींकडे जातो. तीनच्या पुढे, पोळ्यांची वेळ व्हायच्या आत. बसतो. त्या टीव्ही लावतात, मी बघतो. तुझी खुर्ची मी घेत नाही, काळजी करू नकोस.

काल गेलो, बेल वाजवली. दार उघडेना. परत वाजवली. लेटरबॉक्सच्या फटीतून हाक मारली, "वहिनी!" आत काही हालचाल नाही. खिशात किल्ली शोधायला लागलो, ती घरी राहिलेली. तिसऱ्यांदा बेल दाबून धरली. मग कडी सरकली, दार उघडलं, आणि त्या उभ्या होत्या, डोक्याला टॉवेल, केसांतून पाणी गळतंय. "न्हात होते हो, किती ती घाई!"

आणि मी हसलो. दात काढून, तोंडभर, मूर्खासारखा. थांबवता येईना.

"काय हो भावजी," त्या म्हणाल्या, "हसताय कशाला?"

मी पायरीवर बसलो आणि बुटांच्या नाड्या सोडायला लागलो. त्या सुटेचनात. डोळ्यांना काही दिसत नव्हतं.